शेवटचा आकडा

भर दुपारी धनश्री बमरोलीच्या रंगाई कारखान्यात शिरली, तेव्हा काम साधंच होतं. मशीनमधलं जुनं सॉफ्टवेअर पुसायचं, नवं घालायचं आणि निघायचं. ओल्या कापडाचा नि सोड्याचा वास घशाशी बसत होता.

सॉफ्टवेअरला आकडे कसे द्यायचे, तो नियम तिनेच बांधलेला. एकूण तीन आकडे. शेवटचा बदलला तर किरकोळ दुरुस्ती. मशीन मुकाट चालू राही. पहिला बदलला, तर जुनी सवय आता चालणार नाही. मशीन थांबून कारागिराला सूचना वाचायला लावी.

दोन महिन्यांपूर्वी नव्या सॉफ्टवेअरमध्ये हिरव्या दिव्याचा अर्थच फिरला. आधी तो लागला, की आतली वाफ संपलेली असे, झाकण उघडायचं. आता तो लागे तेव्हा वाफ नुकती सुटू लागलेली असे. आकडा ३.०.० हवा होता. पण तिच्या मशीन-कंपनीचे मालक भाईदासशेठ म्हणाले, पहिला आकडा हलवलास तर वीस कारखान्यांत शिकवायला माणसं धाडावी लागतील. धनश्रीने फक्त शेवटचा आकडा वाढवून २.४.७ लिहिलं. चौथ्या दिवशी धुडकू नावाच्या कारागिराने हिरवा दिवा पाहिला आणि सवयीने झाकण उघडलं. तो दोन दिवस जगला.

आज पडद्यावर ३.०.० होतं. असं सॉफ्टवेअर कधी बनलंच नव्हतं.

"लखनभाऊ, हे कोणी घातलं?"

धुडकूच्या जागी आलेला लखन खाली बघत सांगू लागला. धुडकूच्या तेराव्यापासून मशीन रोज आपोआप थांबतं, वाचायला लावतं. कोणी काही घातलेलं नाही.

"वाची ल्या ताई... आपलीच भाषा शे."

सॉफ्टवेअरमध्ये फक्त हिंदी आणि गुजराती होती. पडद्यावर अहिराणी होती, तिची आई घरात बोलायची तीच, धुडकूही बोलायचा तीच. 'हिरवा दिवा लागना तरी झाकन उघाडू नको, भाऊ.'

तिने शेठना फोन लावला. ते म्हणाले, उद्या तपासणीवाले येतील, पुसून टाक आणि २.४.८ घाल.

"ताई, एवढं तं राहू द्या..." लखन हळूच म्हणाला.

तिने पुसलं. मशीन मुकाट चालू झालं. लखनने तिच्याकडे पुन्हा पाहिलं नाही.

ती फाटकाशी पोचते तोच सचिन औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून फोन आला. मशीन थांबलंय, हे ३.०.१ कोणी पाठवलं? सूचना काय आहे, तिने विचारलं. पलीकडचा माणूस गुजराती होता. त्याला अर्थ लागत नव्हता. एकेक अक्षर जुळवत त्याने वाचलं,

"मन्हं लिखेल... ताईनी... पुशी टाकं."