ओल्या झोळीचे वजन

शनिवार, ३० सप्टेंबर १९८९. सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. तळ्याकाठी बसायच्या जागा बारा, थैलीतले लाकडी मणी बारा, माणसे अकरा.

ही घटना खरी आहे. अकराही जणांनी तराजूचा काटा आपल्या डोळ्यांनी पाहिला. त्यातले सात आजही हयात आहेत, आणि कुणाच्याही सांगण्यात एका औंसाचा फरक पडत नाही.

स्टॅफर्डशरमधल्या एका बंद पडलेल्या वीटभट्टीची ती खाण. पाणी भरून तिचे तळे झाले आणि मासेमारी मंडळाने त्यात कार्प मासे सोडले. वॉल्टर हिबर्ट हा मंडळाचा चिटणीस. वय सदुसष्ट, कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर. वार्षिक स्पर्धेचा तबकडीचा टांगता तराजू त्याच्याच ताब्यात असे, कारण त्याच्याइतका काटेकोर माणूस मंडळात दुसरा नव्हता.

त्या सकाळीही त्याने रीतीप्रमाणे तराजू तपासला. दोन पौंडांचे पितळी वजन टांगले. दोन पौंड. मासे तोलायची झोळी पाण्यात बुडवून टांगली. बावीस औंस, म्हणजे एक पौंड सहा औंस. प्रत्येकाच्या माशांच्या वजनातून एवढे वजा करायचे, हा नियम.

मग मण्यांची थैली फिरली. ज्याच्या हाती जो आकडा, ती त्याची जागा.

वॉल्टरने शेवटी हात घातला. अकरा नंबर.

आता थैलीत एक मणी उरायला हवा होता. त्याने ती उलटी केली...

रिकामी.

"बारा नंबर कुणाकडे आहे?" त्याने विचारले.

कुणाकडेच नव्हता.

"तुझ्या खिशात बघ, म्हाताऱ्या," रॉय मोल्ड म्हणाला. रॉय प्लंबर होता आणि थट्टेशिवाय त्याचे वाक्य पुरे होत नसे. "तिसऱ्यांदा कप मारायचा म्हणून आतापासूनच हात थरथरायला लागले काय?"

सगळे हसले. वॉल्टर हसला नाही.

सलग तीन वर्षे जिंकणाऱ्याच्या घरी कप कायमचा जातो, असा मंडळाचा रिवाज होता. वॉल्टर दोनदा जिंकला होता. पण दुसरा विजय त्याचा नव्हता, आणि हे एकट्या त्यालाच ठाऊक होते.

गेल्या वर्षी बारा नंबरवर क्लिफर्ड टनिक्लिफ बसला होता. त्याच्यापाशी पोहोचताना तराजूची तिवई चिखलात घसरली. वॉल्टरने ओली झोळी टांगलेली असतानाच काटा पुन्हा शून्यावर आणला आणि मासे तोलले. नंतर हाताच्या सवयीने कागदावर बावीस औंस वजाही केले. एकाच झोळीचे वजन दोनदा गेले. क्लिफ एका पौंडाने हरला. खरे पाहता तो सहा औंसांनी जिंकला होता. पण तोललेला मासा तत्क्षणी पाण्यात सोडायचा असतो. पुन्हा तोलणार काय?

जानेवारीत नोंदी वहीत उतरवताना वॉल्टरला ही चूक सापडली. त्याने वही मिटली.

मार्चमध्ये क्लिफ इस्पितळात होता. त्याने विचारले, "माझं वजन नीट झालं होतं ना रे, वॉल्ट?"

"अचूक झालं होतं," वॉल्टर म्हणाला.

एप्रिलमध्ये क्लिफ गेला.

आज जिंकले की कप कायमचा घरी, आणि तो प्रश्नही कायमचा मिटला. वॉल्टरने एवढेच मनाशी धरले होते.

नऊला शिट्टी झाली. पाऊस भुरभुरत होता. अकरा आणि बारा नंबरच्या मध्ये बोरूचे दाट बेट होते, पलीकडचे काही दिसत नसे.

दहाच्या सुमारास पलीकडून आवाज आला...

टक्. टक्.

डब्याच्या झाकणावर दोन टिचक्या.

गळ टाकण्यापूर्वी क्लिफ नेहमी अशा दोन टिचक्या मारायचा.

वॉल्टरने कान टवकारले. शांतता. मग गलोलीचे रबर सुटल्याचा सटका... आणि पाण्यावर मूठभर अळ्या पडल्याची बारीक सरसर.

माशांना आमिष टाकतात तसे. पलीकडे कुणीतरी आमिष टाकत होते.

त्याने मान वळवली नाही. मासे लागत होते. असा दिवस त्याला उभ्या आयुष्यात मिळाला नव्हता. पाण्यावर तरंगणारे गळाचे लाल बोंड दर काही मिनिटांनी बुडे आणि एकेक भारी कार्प त्याच्या जाळीत जाई.

दुपारी एकला टिचक्या पुन्हा ऐकू आल्या. आता अगदी जवळून.

तो उठला. बोरूच्या बेटाला वळसा घालून बारा नंबरवर गेला.

तिथे कुणी नव्हते. बसायच्या फळ्या पावसाने काळ्या झाल्या होत्या. मधोमध मात्र गळाच्या सामानाच्या पेटीएवढा एक चौकोन कोरडा होता...

त्यावर बारा नंबरचा मणी.

वॉल्टरने तो उचलला. मणी उबदार होता. नुकताच कुणाच्या मुठीतून सुटल्यासारखा.

दहाव्या नंबरवर टपाल वाटणारी डोरीन यार्डली बसली होती. तिने हाक मारली. "वॉल्टर, कुणाशी बोलतोयस?"

"मी बोललो नाही."

"मग तिकडे कोण बोलतंय?"

मणी तिथेच ठेवून तो परत आला.

तीनला शिट्टी झाली. एक नंबरपासून तोलणे सुरू झाले आणि सगळे तराजूमागे चालत राहिले. डोरीनचे वजन भरले एकतीस पौंड आठ औंस, तोवरचे सर्वांत जास्त. उरला वॉल्टर. आपले मासे आपण तोलायचे नाहीत, म्हणून काटा डोरीनने वाचला.

"बत्तीस पौंड नऊ. झोळी वजा जाता एकतीस तीन."

"शक्य नाही," वॉल्टर म्हणाला. "माझा प्रत्येक मासा मी अंदाजून मोजलाय. साडेबत्तीसच्या खाली एकूण जाणारच नाही."

"तू वाच, रॉय," डोरीन म्हणाली.

रॉयने वाचले. बत्तीस नऊ. नियमाप्रमाणे त्याने झोळी उतरवून पाण्यात उलटी केली. मासे गेले.

वॉल्टर पाच औंसांनी हरला होता.

त्याने रिकामी ओली झोळी पुन्हा आकड्याला अडकवली. बावीस औंस दिसायला हवे होते.

काटा हलला नाही...

शून्य.

झोळीतून पाणी ठिबकत होते. तिचा तळ मात्र किंचित वर उचललेला होता. जणू खालून कुणी तळहात लावला होता.

"काटा अडकलाय," रॉय म्हणाला. आता त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

वॉल्टरने झोळी काढून पितळी वजन टांगले. दोन पौंड. पुन्हा झोळी टांगली. शून्य.

टक्. टक्.

या वेळी अकराही जणांनी ऐकले. बोरूच्या पलीकडे पाहायला कुणी गेले नाही.

"गेल्या वर्षी क्लिफच्या झोळीचं वजन मी दोनदा वजा केलं," वॉल्टर म्हणाला. "कप त्याचा होता."

काटा सुटला. हळूहळू सरकू लागला. तीन औंस... सहा... नऊ...

"तुला कळलं कधी हे?" डोरीनने विचारले.

वॉल्टरने काट्याकडे पाहिले.

"आत्ताच. झोळी टांगताना लक्षात आलं."

काटा थांबला.

अकरा औंसांवर, बावीसच्या बरोबर निम्म्यावर.

वॉल्टरने काचेवर बोटाने ठोकून पाहिले. काटा तसूभरही सरकला नाही.

"चूक कुणाकडूनही होते, बाबा," रॉयने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "कबूल केलंस, बास."

त्या वर्षीचा कप डोरीनचा होता, पण आधी कपावरचे गेल्या वर्षीचे नाव बदलून तो क्लिफच्या घरी न्यायचा, असे तिनेच सुचवले. वॉल्टर स्वतः घेऊन गेला. क्लिफची बायको मेव्हिस हिने त्याला चहा दिला, कप पुसून कपाटावर ठेवला.

"शेवटपर्यंत मनात होतं त्यांच्या," ती म्हणाली. "तुम्ही इस्पितळात येऊन अचूक होतं म्हणालात, तेव्हा कुठे गप्प झाले. मला म्हणाले, वॉल्ट म्हणतो म्हणजे मीच चुकलो असणार."

चूक जानेवारीपासूनच ठाऊक होती, हे तेव्हा तिला सांगता आले असते. चहा निवेपर्यंत वॉल्टर बसून राहिला. मग टोपी घेऊन उठला.

पुढल्या वसंतात मेव्हिसही गेली.

वॉल्टरने नवा तराजू आणला, नवी झोळी आणली. एरवी ती बरोबर बावीस औंस भरते. फक्त वार्षिक स्पर्धेच्या सकाळी, कुणी यायच्या आत, तो ती बुडवून एकट्याने टांगतो आणि काट्याकडे पाहत उभा राहतो.

दर वर्षी तोच आकडा. अकरा औंस.