डाव्या हाताची नखं

फोन आला तेव्हा फौजदार मंगल खाडेनं चहाचा पहिलाच घोट घेतला होता. शिरूर कासारच्या बाहेर पाझर तलावात मेंढपाळांना एका पोरीचं प्रेत दिसलं होतं. चहा तसाच राहिला.

मार्च लागलेला. तलावात पाणी जेमतेम कमरेएवढं. "यात बुडून मरायचं म्हणजे आडवंच व्हावं लागंल," हवालदार अभिमन्यू पुटपुटला. प्रेत काठावर काढून त्यावर चादर टाकली होती.

गर्दी बाजूला सारत एक बाई धावत आली. बायनाबाई. लेक रोहिणी लग्नानंतर चौथ्या दिवशी माहेरून पळून गेल्याची तक्रार दिवाळीनंतर तिनंच दिली होती.

मंगलनं तिला अडवलं. "मावशी, आधी एखादी खूण सांगा."

"नखं, म्याडम. गुलाबी, टोकाला पांढरी रेघ. पार्लरवाल्या जिनतनं करून दिलती लग्नात. डाव्या हाताची पार तुटल्यात," म्हणताना तिला हुंदका आवरेना.

मंगलनं चादरीखालचा हात बाहेर काढला. खूण पटली. बायनाबाई तिथंच मातीत बसली आणि तिनं असा हंबरडा फोडला, की मेंढपाळही मान फिरवून उभे राहिले.

दुपारपर्यंत गावानं खटला चालवून निकालही देऊन टाकला. रोहिणी पळाली त्याच आठवड्यात जिनतचा भाऊ तन्वीर पुण्याला गॅरेजात कामाला गेला होता आणि परवाच रमजानसाठी घरी आला होता. लोकांना आणखी काय लागतं? जिनतच्या ब्यूटी पार्लरच्या शटरवर दगड पडले. तन्वीरला ठाण्यात आणून बसवलं, तेव्हा बाहेर पन्नास माणसं त्याला आपल्या ताब्यात द्या म्हणून ओरडत होती. अटक करावी तर पुरावा नाही, सोडावं तर पोरगा घरापर्यंत जिवंत पोचेल याची खात्री नाही. मंगलला स्वतःचाच राग आला.

तालुक्याच्या दवाखान्यातून डॉक्टरांचा फोन आला. "बुडून मेलेली नाही. पाण्यात टाकण्याआधीच गेली होती. मारहाणीची खूण नाही. कारण नक्की सांगायला व्हिसेराचा रिपोर्ट लागेल, त्याला महिने जातील."

"तळहातांवर कामाचे घट्टे?"

"पाण्यानं फुगून सोललेत. त्यांवरून काही कळत नाही. डाव्या हाताच्या दोन नखांवरचा रंग मात्र उचकटलाय. त्याखाली हिरवट कूस, म्हणजे बारीक कुसळ, अडकलीय, पातीची असावी. जपून ठेवलीय."

मंगलनं रोहिणीच्या नवऱ्याला आत घेतलं. सिदू. वीस-बावीसचा, मान खाली.

"बायको किती दिवस नांदली?"

"तीनच दिस. मग माहेरी गेलती, तितून पळाली."

"तू पाहिलंस?"

"न्हाई. सासूनं सांगितलं."

"मग तू?"

"ऊस तोडायला गेलतो. कर्नाटकात."

"एकटा? एकट्याला मुकादम कशाला नेईल? एक कोयता म्हणजे दोन माणसं."

"चुलतभाव होता संगं."

मंगलनं त्याच्यासमोरच मुकादम बद्रीनाथला फोन लावला. सिदूबरोबर कोण होतं? बद्रीनाथ क्षणभर थांबला. "मेव्हणा होता त्याचा," तो म्हणाला. सिदूनं मान आणखी खाली घातली.

टोळीतल्या बाकीच्यांना अभिमन्यूनं फोन लावले. सगळ्यांचं एकच पालुपद. आमी काय पाहिलं न्हाई, सायेब. एकाच फडात झोपड्या टाकून राहिलेली माणसं, आणि कुणाला काही दिसलं नव्हतं!

मग जिनत आली. पंचविशीची, डोळे रडून सुजलेले. मंगलनं मोबाइलवर त्या हातांचे फोटो दाखवले.

जिनतनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. "माझंच काम हाय. फ्रेंच मॅनिक्युअर म्हणतात. आधी गुलाबी जेलचा पातळ हात, मग टोकाला ही पांढरी कड, आन् प्रत्येक वेळी लॅम्पखाली पक्कं करायचं. मी पैसे न्हाई घेतले."

"पाण्यानं जातं का हे?"

"न्हाई. अ‍ॅसिटोनचे बोळे बांधून बसावं लागतं, तवा निघतं. उजवा हात बघा ना. नख वाढलंय, रंग नुसता वर सरकलाय. डाव्या हाताचं ओरबाडून गेलंय. लग्नात दहाच्या दहा नखं झ्याक होती, म्याडम."

"नखं करताना काही बोलली?"

"म्हणली, शाळेत नखं रंगवली की बाई रागावतात, आता कुणी रागावनार न्हाई." जिनतनं ओढणी तोंडाला लावली. "सोळा वर्षांची होती ती. तुमच्या तक्रारीत एकोणीस लिवलंय. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मीच हेल्पलाइनला फोन केलता. कुणाला सांगू नका."

 मंगलनं आपला डावा हात टेबलावर ठेवला आणि मूठ उघडझाप करून बघितली. तिचे आई-बाप दर हंगामाला ऊस तोडायला जायचे आणि मंगल फडाच्या बांधावर बसून अभ्यास करायची. आईचे हात तिला अजून डोळ्यांपुढे दिसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बायनाबाई, सिदू आणि मुकादम बद्रीनाथला एकाच खोलीत बसवलं. तन्वीरला आणि जिनतलाही बोलावलं.

"रोहिणी पुण्याला गेलीच नव्हती," मंगल म्हणाली. "ऊस तोडताना उजवा हात कोयत्याची मूठ धरतो. नखं मुठीत झाकली जातात, ती शाबूत राहतात. डावा हात उसाला कवळा घालतो, पाचट ओरबाडतो. एका हंगामात त्याची नखं झिजून जातात. रोहिणीच्या डाव्या हाताच्या रंगाखाली कूस सापडलीय. ती उसाचीच निघेल. आपल्या या कोरड्या माळावर आहे कुठं ऊस? सिदू, तुझ्याबरोबर ना चुलतभाऊ होता, ना मेव्हणा. तीच होती."

सिदू रडायला लागला. मुकादमानं तोंड उघडलं. "म्याडम, याला काय पुरावा..."

"तुम्ही थांबा." मंगल बायनाबाईकडे वळली. हे तिला बोलवत नव्हतं. "मावशी, तुम्ही म्हणता, लेकीला शेवटचं पाहिलं ते लग्नानंतर चौथ्या दिवशी. तेव्हा दहाही नखं धड होती. तलावावर चादर उचलायच्या आधी तुम्ही मला सांगितलंत, डाव्या हाताची तुटल्यात. तुटलेली तुम्ही कधी पाहिली?"

 बायनाबाईनं पदर डोक्यावरून पुढं ओढला.

"कुणीतरी फोन केलता," ती म्हणाली. "लहान पोरीचं लगीन लावलं म्हणून सरकारी मानसं येनार होती. मुकादम म्हणला, हरवली म्हणून लिवून द्या, म्हंजी चौकशी मिटंल. मी अंगठा दिला. पोरीला फडावर धाडलं."

"मग?"

"ताप आला. उतरंना. ताप डोक्यात गेला, तवा मला बोलावलं. मी गेले. मला वळकंना. नुसता हात धरून बसले तिचा. दवाखान्याच्या दारापतुर नेली, म्याडम. तितून माघारी फिरवली."

"कावून?" मंगलच्या तोंडून तिची स्वतःची बोली निसटली. "कावून फिरवली, मावशी?"

"आत जाऊन नाव काय सांगायचं? कागदावर ती हरवलेली. खरं सांगावं तर समदे आत. धाकट्या दोन लेकरांला कोन बघनार? जीपमंदीच गेली. माझ्या मांडीवर."

"आणि तन्वीर?"

"तो गावात आलाच होता," बायनाबाई म्हणाली. "मुकादम म्हणला, तळ्यात सोडा, लोक आपोआप समजत्यात."

तन्वीर तिच्याकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत राग असायला हवा होता, पण तिथं नुसती भीती होती.

मंगलनं तिघांना अटक केली. अभिमन्यूनं बाहेर जाऊन गर्दीला खरं काय ते सांगितलं. लोक लाजून मुकाट्यानं पांगले, पण जिनतच्या शटरवर दगड मारल्याबद्दल माफी मागायला त्यांतला एकही थांबला नाही. मंगलला वाटलं होतं, गुन्हा उलगडला की बरं वाटेल. काडीचंही बरं वाटलं नाही.

भावाला घरी पाठवून जिनत एकटीच मागं राहिली.

"मी फोन केला नसता, तर तिला दवाखान्यात नेलं असतं का हो?"

"तुझं काही चुकलं नाही," मंगल म्हणाली. विचारलेल्याचं ते उत्तर नव्हतं, हे दोघींनाही कळत होतं.

जिनत दारापर्यंत गेली आणि परत आली. "परवा एक पोरगी आलती पार्लरला. आयसंगं. नवरीची नखं करायचीत म्हणली. शाळेचा गणवेश होता अंगात. नाव सांगू का, म्याडम? सांगितलं की तुमाला जावं लागंल. तुमी गेल्या की ते तिलाबी हरवली म्हणून लिवून देतील."

मंगलनं लिहायला कागद पुढं ओढला.

"सांग," ती म्हणाली.

जिनत तिच्याकडे बघत उभी राहिली. कागद कोराच राहिला.