खुणेपर्यंत तेल

दिवस मावळायच्या आत बोअरचा बिट खडकवाडीला पोचवायचा होता. बस्स, एवढंच काम! पण तेवढ्यासाठी खडकवाडीची नीलम्मा सकाळपासून उदगीरच्या बाजारात चार जणांशी भांडली होती.

लातूर जिल्हा होऊन चौथं वर्ष चालू होतं आणि दुष्काळाचं दुसरं. खडकवाडी जळकोटच्या पलीकडं डोंगरात, बरोबर हद्दीवर. टँकर मागायला लातूरला गेलं की साहेब म्हणायचा, "तुम्ही नांदेडात." नांदेडला गेलं की, "तुम्ही लातुरात." नवा नकाशा काढणाऱ्यांना गाव दिसलं नाही, विहिरी मात्र रेघेच्या दोन्ही बाजूंना कोरड्या पडल्या होत्या. शेवटी कुणाच्या पाया न पडता गावानं स्वतःच बोअरची मशीन आणली. दीडशे फुटांवर काळा पाषाण लागला आणि खडक फोडणारे होते ते दोन्ही बिट बोथट झाले. मशीनवाला काल म्हणाला, "उद्या दिवस मावळेपर्यंत थांबतो. मग देगलूरला चाललो."

नवा बिट आता जीपमध्ये पोत्यात गुंडाळून पडला होता. जीप पंचाक्षरी अप्पांची. उदगीरचे लोखंडाचे व्यापारी, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, आणि जुन्या डिझेल जीपवर पोटच्या लेकरासारखी माया. वाट दाखवायला खडकवाडीचा रामकिशन मागं बसला होता.

"सडकेनं गेलो तर रात्र होईल," रामकिशन म्हणाला. "खिंडीतून चला."

"खिंडीतून बैलगाडी जात न्हाई, येड्या!"

"बैलगाडीच्या चाकांना सोताचा जोर कुठं असतो अप्पा? तुमच्या जीपला चारी चाकांचा हाय म्हणता ना?"

अप्पा चिडले, आणि जीप खिंडीकडं वळली.

जळकोट मागं पडलं तसा रस्ता संपला आणि फुफाटा सुरू झाला. दोन वर्षं पाऊस नाही, वरून गुरांचे तांडे चाऱ्यासाठी ह्याच वाटेनं गेलेले. मातीचं पीठ झालं होतं. चाक बुडायचं, धूळ बॉनेटवरून उसळून काचेवर यायची, आणि वाटेवरची पानं झडलेली पळसं त्या धुळीत भुतासारखी उभी दिसायची. अप्पांनी पुढच्या चाकांनाही इंजिनाचा जोर जोडला. जीप रेटत, डुलत पुढं सरकली. अन् अर्ध्या कोसावर तिचा दम तुटला. काळा धूर! ॲक्सिलरेटर तळाला टेकला तरी गाडी रांगतच होती.

"डिझेल खराब," अप्पा म्हणाले.

"डिझेल न्हाई. नाक चोंदलंय," नीलम्मा म्हणाली आणि खाली उतरली.

नवरा गेल्यापासून सात वर्षं ती गावची पिठाची गिरणी चालवत होती. गिरणीचं इंजिन डिझेलचं, आणि दिवसभर हवेत पीठ. इंजिनाला श्वास कमी पडला की ते कसं खोकतं, हे तिला झोपेतही कळायचं. तिनं बॉनेट उघडलं, एअर क्लीनरची खालची वाटी काढली. हवा आधी ह्या वाटीतल्या तेलावरून जाते, धूळ तेलात बसते, मगच इंजिन ती हवा ओढतं. वाटीत तेल नव्हतंच. चिखल होता!

तिनं चिखल खरवडून काढला, वरची जाळी डिझेलमध्ये खळबळून धुतली.

"नवं तेल भरा अप्पा. पण आत ही खूण हाय बघा, तिथवरच. आम्ही पुढच्या बाभळी तोडून येतो."

"दुकानदाराला माप शिकवायलीस का?" अप्पा गुरगुरले.

ती दोघं वाट मोकळी करून परतली तेव्हा बॉनेट बंद होतं. अप्पांनी लिंगपूजा उरकली होती आणि आपली जेवणाची पितळी पुसून झोळीत ठेवत होते. त्या पितळीला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना चालत नसे.

जीप आता खणखणीत चालली. सपाटी संपली. खिंड आली. छातीवर येणारा चढ, एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला सरळ दरी! जीपचं तोंड आभाळाकडं झालं.

आणि इंजिन किंचाळलं.

अप्पांनी पाय काढला. आवाज वाढला! क्लच दाबला, ब्रेक दाबला. आवाज आणखी वाढला! बंद करायची दांडी ओढली. काही नाही! मागून निळापांढरा धूर दरीत ओतू लागला. सगळी जीप थरथरत होती.

"थांबंना झालीय! अक्का, गाडी ऐकंना!"

नीलम्माला एका क्षणात कळलं. चढावर वाटीतलं तेल कलंडलं होतं आणि इंजिन डिझेल सोडून तेच तेल पीत होतं. आता ते फुटेपर्यंत पळणार. त्याचा श्वास तोडला तरच थांबणार!

"रामकिशन, चाकाला दगड लाव!"

तिनं उडी मारली. झोळीतली पितळी उपसली.

"अगं, माझी पितळी..."

"मरू द्या पितळी!"

बॉनेट उघडताच गरम वाफ तोंडावर आली. इंजिनाकडं जाणारी रबरी नळी तिनं दोन्ही हातांनी धरली आणि हिसडली. एकदा. दोनदा. निघाली! उघड्या तोंडावर तिनं पितळी दाबली, वर आपलं सगळं वजन टाकलं. इंजिनानं पितळी आत ओढली, ती मधोमध खचली. नीलम्मानं हात काढला नाही.

घर्र. घर्र. धाड!

इंजिन बंद पडलं.

खिंडीत एकदम इतकी शांतता झाली की दरीतल्या होल्याचं घुमणं ऐकू आलं.

"किती भरलं होतं?" तिनं विचारलं. हात भाजले होते.

अप्पांनी मान खाली घातली. "काठोकाठ. महादेवाचा दिवा रोज काठोकाठ भरतो मी. तीस वर्षं. अर्धा ठेवायचा म्हंजे... मनाला बरं वाटंना."

"देव तेल पीत न्हाई अप्पा. इंजिन पितं!"

रामकिशन हसला, मग अप्पाही हसले. सूर्य डोंगरापासून दोन हात वर होता. त्यांनी जादा तेल काढलं, नळी पुसली. ह्या वेळी वाटी अप्पांनीच धरली, डोळ्याजवळ नेऊन, आणि खुणेवर थेंब थांबवला. मग धोतराचा सोगा टर्रकन फाडला. नीलम्मानं तो पातळ कपडा क्लीनरच्या तोंडावर बांधला, गिरणीत बांधायची तसाच. रामकिशन वाटेभर दर पाव कोसाला उतरून तो झटकायचा.

खडकवाडी आली तेव्हा मशीनवाला मशीनचे पाय उचलत होता.

"उशीर झाला," तो म्हणाला.

नीलम्मानं डोंगराकडं बोट केलं. माथ्यावर सूर्याची लाल कोर अजून शिल्लक होती. "ते काय हाय मग? बिट लाव!"

दोनशे दहा फुटांवर बोअरमधून उडणाऱ्या पांढऱ्या भुकटीचा चिखल झाला, आणि मग चिखलाचं पाणी.

आठवड्यानं दोन सरकारी जीपा आल्या, एक लातूरची, एक नांदेडची. बोअर कुठल्या जिल्ह्यात येतो ते ठरवायचं होतं म्हणे! दोन्ही फुफाट्यात काळा धूर ओकत गावाबाहेरच बंद पडल्या. साहेब रुमाल तोंडाला लावून चालत आले.

"बाई, इथं कुणी मेकॅनिक आहे का?"

"हाय ना," नीलम्मा गिरणीच्या दारातून म्हणाली. "पण आधी सांगा, मी कुठल्या जिल्ह्यातली?"

दोन्ही साहेबांनी आपापला नकाशा उलगडला.

"ठरलं की या," ती म्हणाली, आणि अप्पांनी तिच्याकडंच ठेवलेली खचलेली पितळी शेजारच्या बोअरच्या धारेखाली धरून तिनं त्यांना पाणी दिलं.