हिरालाल गार्डचा चिरूट

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना खोटी वाटेल त्यांनी इथेच थांबावे. मला त्यांची गरज नाही.

या पानावर लोक भुतांच्या गोष्टी लिहितात, त्या मी सगळ्या वाचते. वाचायला उशिरा शिकले, म्हणून अधाशासारखी वाचते. प्रत्येक गोष्टीत अमावस्या. प्रत्येक गोष्टीत रात्रीचे बारा. भुताच्या मनगटाला जणू कोणी घड्याळ बांधून दिले आहे.

मी जे पाहिले ते दिवेलागणीला पाहिले. चुलीवर भात होता. गोठ्यात बैल होते. आणि घरात आम्ही तिघे होतो.

निदान मला तरी तिघेच वाटत होते...

गाव मुर्री, गोंदियाला लागून. तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यात होते. साल पंचावन्न, माघ महिना.

तिघे म्हणजे मी, माझा नवरा लक्ष्मीचंद आणि माझे जेठ, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, कुंजीलाल. जेठांची बायको कधीच वारली होती. धानाची शेती त्यांच्या हुकमावर चालायची आणि आम्हीही.

आमच्यात लहान भावाची बायको जेठाशी बोलत नसे. तोंडावर पदर, तोंडाला कुलूप. फारच नड पडली तर भिंतीकडे तोंड करून बोलायचे. "भिते, ताट वाढलं." जेठही भिंतीलाच सांगायचे, "भिते, मीठ जास्त आहे." कितीतरी वर्षे मी त्या भिंतीची सून होते.

जेठांना एकच नाद. चिरूट.

ओढणारे पुष्कळ असतात. गोंदियात तर घरोघरी विडी वळली जात होती, त्यावर चुली पेटत होत्या. पण विडीचे नाव काढले की जेठ नाक मुरडायचे. "पानाचा कचरा," म्हणायचे. त्यांना ओढण्याहून जास्त गोडी होती ती पारखण्याची. त्रिचीचा चांगला की दिंडीगलचा? बर्माचा जाड की बारीक? आणि या थोर प्रश्नांसाठी त्यांना एक जोडीदारही मिळाला होता. हिरालाल गार्ड.

छोट्या लाईनच्या, म्हणजे अरुंद रुळांच्या, गाडीवर गार्ड होता. निवृत्त झाल्यावर आमच्याच आळीत राहायला आला. मोठ्या लाईनचे ड्रायव्हर त्याला दूरदूरचे चिरूट आणून देत. रोज दिवे लागले की तो आमच्या पडवीत हजर. वेताच्या दोन खुर्च्या. एकीत जेठ, दुसरीत तो.

आधी चिरूट कानाजवळ धरून बोटात फिरवायचा. मग हुंगायचा. मग नखाने टोक तोडायचे आणि "थू" करून थुंकायचे. एकाला म्हणे जायफळाचा वास येई, दुसऱ्याला नव्या चामड्याचा. मला दोघांच्याही चिरुटांचा जळक्या पोतेऱ्यासारखा वास येई. पण मला कोण विचारतो!

सगळ्यात मोठी पैज राखेची. राख न पाडता कोण किती लांब नेतो.

"राख देखो कुंजीलालजी, राख! तुमची तर पडली."

"वारा आला मधातच."

"वारा हमेशा तुमच्याच तरफ आता है क्या?"

जेठ कधीच जिंकले नाहीत. दोन म्हातारे, पांढऱ्या मिशा, आणि जगात सगळ्यात मोठे दुःख काय, तर राख पडली.

माघ लागला आणि हिरालाल गेला. खोकला होता, दोन-दोन ठसक्यांचा, कोरडा. त्याच्यातच गेला. नाल्याकाठच्या मसणवटीत जाळला. मूलबाळ नव्हते. पुतण्याने अग्नी दिला.

दहाव्याला तिथल्याच मोठ्या दगडावर त्याच्या आवडीची वस्तू ठेवायची होती. जेठांनी बर्माचा चिरूट काढला.

शेजारची देवकाबाई तिथे होती. अख्ख्या आळीचे जन्म-मरण तिनेच पार पाडलेले. ती म्हणाली, "कुंजीलाल, पेटवू नोको. तसाच ठेव. बाजूले निखारा ठेव. तुही उष्टी वस्तू मेलेल्याच्या तोंडात जाता कामा नाई."

जेठ हसले. "न पेटवलेला चिरूट म्हणजे लाकूड. हिरालालले लाकूड देऊ का?"

विडी निखाऱ्यावर नुसती धरली तरी पेटते. जाड चिरूट तोंडाने ओढल्याशिवाय धड पेटत नाही. जेठांनी तो ओढून पेटवला, दोन झुरके घेतले आणि दगडावर ठेवला. मग स्वतःसाठी त्रिचीचा काढला, पेटवला आणि दगडाला विचारले...

"सांग हिरालाल. कोणचा बरा?"

देवकाबाईने कपाळाला हात लावला. "अरे येड्या! मेलेल्याले द्याचं. इचाराचं नाई. इचारलं का तो उत्तर द्याले येते."

जेठांनी राख झटकली. अडाणी बाईचे कोण ऐकतो!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडवी झाडत होते. हिरालालच्या खुर्चीच्या हातावर काहीतरी पांढरे दिसले.

राख होती.

बोटभर लांब. अखंड. कुठेही मोडलेली नाही...

मी फुंकर मारली तेव्हा कुठे पडली.

मला वाटले, जेठ त्या खुर्चीत बसले असतील. पण दुसऱ्या सकाळी पुन्हा. तिसऱ्या सकाळी पुन्हा. मग जेठांची आरडाओरड सुरू झाली. पेटीतून काढलेला प्रत्येक चिरूट तोंडाकडून ओला निघायचा. नुकताच कोणीतरी ओठातून काढून ठेवल्यासारखा.

"लक्ष्मीचंद, चोरून ओढून राहिला का तू?"

"मी कायले ओढू भाऊ? मले तर वासानंच मळमळते."

"मग भित ओढते का?"

त्या संध्याकाळी मी दारामागून पाहत उभी राहिले.

जेठांनी चिरूट ओढला. गाल आत गेले. टोक लाल झाले. मी धूर बाहेर येण्याची वाट पाहिली.

धूर आला नाही.

जेठांनी तोंड उघडले. श्वास सोडल्यासारखी छाती खाली गेली. तोंडातून काहीच नाही...

आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीवर, माणसाचे तोंड असते तेवढ्या उंचीवर, हळूहळू धूर निघाला.

मी पदर दातात धरला. मग भिंतीकडे वळले.

"भिते, कोनाले तरी सांग. दुसऱ्या खुर्चीतून धूर निघून राहिला."

जेठ म्हणाले, "भिते, तिले सांग. चुलीचा असन."

"भिते, चूल कवाचीच इझली."

जेठांनी समोर पाहिले. पण मला वाटले होते तसे ते घाबरले नाहीत. त्यांचा चेहरा खुलला. मूर्ख माणूस खुश झाला! जोडीदार परत आला होता.

त्या दिवसापासून ते उघड उघड बोलू लागले. "हा दिंडीगलचा आहे, हिरालाल. कडू लागते का?" रोज नवा प्रश्न. आणि पलीकडून कोरडे दोन ठसके...

खोकला सगळ्यांनी ऐकला. माझ्या नवऱ्याने ऐकला. पाणी मागायला आलेल्या गड्याने ऐकला. तो पाणी न पिताच गेला.

इकडे जेठ वाळू लागले. पंधरा दिवसांत गळ्याची हाडे वर आली. धानाच्या कोठीपर्यंत चालत गेले तरी धापा टाकायचे. वैद्याने छाती ठोकून पाहिली. म्हणाला, "श्वास आत जाऊन राहिला, पण बाहेर पुरता येत नाई. मले हे समजत नाई." हे सांगायलाही त्याने रुपया घेतला.

नवरा मला म्हणाला, "भाऊ असे जास्त दिवस काढत नाई. ते बसणं बंद झालं पायजे."

त्याने धीर करून हिरालालची खुर्ची उचलली आणि गोठ्यात नेऊन टाकली.

संध्याकाळी बैल रानातून आले... आणि गोठ्याच्या दारात थांबले. काठीने मारले तरी आत जाईनात. आतून कोरडा खोकला येत होता.

जेठांनीच खुर्ची परत आणायला लावली. "पाहुण्याले गोठ्यात बसवता का, लाज नाई वाटत?"

फागुन लागला होता. तो दिवस मला कालच्यासारखा आठवतो. मी चुलीपाशी होते. पडवीतून जेठांचा आवाज आला. "आज पाह्य. आज माही राख पडत नाई."

मग आवाज थांबला.

खूप वेळ आवाज नाही. खोकलासुद्धा नाही...

मी दारात आले. नवरा कंदील धरून खांबापाशी उभा होता, पण त्याचे पाय जागचे हलत नव्हते. जेठ ओढत होते. एकसारखे ओढत होते. सोडत नव्हते. डोळे बाहेर आलेले, ओठ काळेनिळे. हातातल्या चिरुटावर बोटभर राख ताठ उभी. समोरच्या खुर्चीवर इतका धूर साचला होता की वेत दिसत नव्हता. त्या धुराला खांदे आले होते.

राखेसाठी! माणूस राखेसाठी मरायला बसला होता.

मला भीती वाटली नाही असे म्हणणार नाही. पण भीतीच्या आधी राग आला. मी डोक्यावरचा पदर खाली टाकला. खिडकीत गड्याच्या विड्यांचा कट्टा, बंडल म्हणा, पडला होता, त्यातली एक काढली. चिमट्यात निखारा धरला, त्याला विडी लावली. तोंड लावले नाही. विडी पेटली.

मी त्या खुर्चीसमोर उभी राहिले. भिंतीसमोर नाही.

"जिता होता तवा रोज आयतं येऊन बसत होता. मेला तरी लाज आली नाई? स्वतःचा श्वास सरला तर दुसऱ्याचा पिऊन राहिला? गार्ड म्हणे! हे घे. कोनाची उष्टी नाई. कशी आहे ते मी तुले इचारत नाई. ओढ आन जाय."

आणि विडी खुर्चीच्या हातावर ठेवली.

काही झाले नाही.

मग विडीचे टोक लाल झाले. आपोआप. एकदाच...

"थू."

माझ्या पायाजवळ जमिनीवर ओला डाग पडला. वेत करकरला, माणूस उठल्यावर करकरतो तसा. अंगणातून दोन ठसके ऐकू आले. मग फाटकापाशी. मग नाल्याच्या वाटेवर...

जेठ एकदम पुढे वाकले. त्यांच्या नाकातोंडातून धूर निघाला. निघतच राहिला. इतका, की कंदील दिसेना. किती दिवसांचा होता कोण जाणे. राख पडली. ते खोकले, रडले, आणि लांब श्वास सोडला. माझ्या नवऱ्याने भावाच्या पायावर डोके ठेवले. "भाऊ वाचले! भाऊ वाचले!"

जेठांनी माझ्याकडे पाहिले. पदराशिवायच्या माझ्या तोंडाकडे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते भिंतीला सोडून माझ्याशी बोलले.

"लहाने, तू त्याले हाकललं."

मी पदर डोक्यावर घेतला.

"आता मी कोनासंग बसू?"

जीव वाचवला त्याचा हा आशीर्वाद मिळाला.

थोड्याच दिवसांत जेठ बरे झाले. गळ्यावर मांस आले. कोठीपर्यंत चालत जाऊन हिंडून येऊ लागले. पडवीत मात्र बसेनात. चिरूट पेटवायचे, दोन झुरके घ्यायचे आणि विझवायचे. धूर व्यवस्थित बाहेर येई. ते त्या धुराकडे असे पाहायचे, जणू तो दुसऱ्याच कोणाचा आहे.

होळीच्या आदल्या संध्याकाळी ते चिरुटांची पेटी काखेत मारून निघाले. नवऱ्याने विचारले, "भाऊ, कुठं जाऊन राहिले?"

"येतो," म्हणाले.

दिवे लागले तरी आले नाहीत. नवरा आणि गडी शोधायला गेले. जेठ मसणवटीत सापडले. त्या दगडाला पाठ टेकून बसलेले. तोंड उघडे. अंग गार.

पेटी मांडीवर होती. भरलेली. एकही चिरूट पेटवलेला नव्हता. अंगाला, कपड्याला, तोंडाला तंबाखूचा वास म्हणून नव्हता. आणि माझा नवरा शपथेवर सांगायचा, भावाचा चेहरा असा होता की आत्ताच कोणीतरी त्यांना काहीतरी सांगितले आहे, आणि ते त्यांना पटलेले नाही.

त्यांच्या दहाव्याला लोकांनी विचारले, "आवडीचं काय ठेवता?" मी म्हणाले, "भात ठेवा. मुकाट्यानं ठेवा. कोनी तोंड उघडाचं नाई." पेटी मी नाल्यात फेकली. देवकाबाई तेवढी माझ्या बाजूने उभी राहिली.

आता नवराही गेला. त्याला जाऊनही खूप वर्षे झाली. मुले म्हणतात, आई, म्हातारपणी तुला काहीबाही आठवते. मुले शिकलेली आहेत. शिकलेल्यांना सगळे माहीत असते.

मी त्यांच्याशी वाद घालत नाही. एवढेच सांगते, एकदा पडवीत उदबत्ती लावून पाहा. वारा पूर्वेचा असो की पश्चिमेचा, नाहीतर पान न हलो...

धूर वर जात नाही. आडवा होतो. अंगण ओलांडतो, फाटकातून निघतो आणि नाल्याच्या वाटेला लागतो.

कोणी ओढून घ्यावा तसा.

तिकडे आता ओढणारा एक आहे की दोन, हे मला ठाऊक नाही. आणि मी विचारणार नाही.