एकास एकशे साठ

साहेब, तुम्ही वसतिगृहाचे डॉक्टर; काचपट्टीवर रक्तातल्या पाण्याचा एक थेंब, मेलेले टायफॉइडचे जंतू असलेल्या औषधाचा एक थेंब, मिनिटभर हलवलंत, गुठळ्या दिसल्या आणि लिहून मोकळे झालात — टायफॉइड. पुन्हा एकदा तपासायची तसदी घेतली नाहीत. तेवढ्यावर एका माणसाच्या हातातलं पीठ काढून घेतलंत.

तो माणूस सिद्धलिंग. तुमच्या वसतिगृहाच्या मेसमध्ये रोज तीनशे भाकऱ्या थापणारा. काढून टाकल्यावर तो सोलापुरात सात रस्त्याजवळ दिसेल त्या पहिल्या लॅबमध्ये शिरला. काउंटरवर तंत्रज्ञ वैजयंती होती, डबा उघडायच्या बेतात.

"ताप किती दिवस आहे?"

"मला न्हाय, मॅडम. कागदाला हाय."

तिला हसू आलं. कागद वाचला, आणि हसू गेलं.

"आधी कधी टायफॉइड झाला होता?"

"व्हय की. दोन वर्सामागं. लई लोळवलं."

"हे तिथं कुणी विचारलं नाही?"

"न्हाय." तिच्याकडं बघत तो म्हणाला, "बरं झालं इचारलं न्हाय. न्हायतर हितं कुटं आलो असतो?"

सुई टोचता टोचता तिनं समजावलं. जंतू शिरला की त्याला धरायला रक्तात अँटिबॉडी तयार होते. पहिली येते आयजीएम — दहा हातांची, पण एकेका हाताची पकड सैल, आणि काही दिवसांची पाहुणी. मागून येते आयजीजी. तिला दोनच हात, पण धरलं की घट्ट, अन् वर्षानुवर्षं राहते. जंतूंना कुणीही एकत्र बांधलं की गुठळी होते. नवी की जुनी, काचपट्टीला काय कळतंय?

"मंजे दोन हातवालीच बरी," तो म्हणाला.

ती मान खाली घालून बाटलीवर नाव लिहीत राहिली. कान मात्र तापले.

तिनं त्याच्या रक्तातलं पाणी नळ्यानळ्यांतून पातळ करत नेलं, रात्रभर उबेत ठेवलं. सकाळी गुठळ्या एकास एकशे साठच्या, म्हणजे एकशे साठपट पातळ केलेल्या, नळीपर्यंत दिसल्या.

"दहा दिवसांनी परत रक्त द्यायचं. आकडा चौपट झाला तर आजार चालू आहे. तेवढाच राहिला तर जुन्या दुखण्याची खूण."

"वाढला तर अक्कलकोटला जातो. भावानं हाटेल टाकलंय."

आजवर वैजयंतीनं हजारो आकडे लिहिले होते. कुठल्याच आकड्यासाठी देवाला हात जोडले नव्हते.

चौथ्या दिवशी काही काम नसताना तो आला. कागदात कडक भाकरी, शेंगाचटणी.

"आजारी म्हनून काढलेल्या मानसाच्या हातचं हाय. चालंल?"

तिनं भाकरी कटकन मोडली, चटणी लावली, त्याच्यासमोर घास घेतला. "तुमच्या रक्तातून जंतू वाढतात का ते बघायला कल्चर लावलं होतं, ते स्वच्छ आलंय. जंतू नाही. पण नसतं आलं तरी..."

"तरी?"

"मीठ कमी आहे."

"ध्यान हितं हुतं," तो म्हणाला. मग दोघंही हसले.

दहाव्या दिवशी रक्त घेतलं. जुना नमुना, नवा नमुना शेजारी शेजारी लावले. सकाळी तिनं नळ्या उजेडाकडं धरल्या. एकशे साठ. परत बघितल्या. एकशे साठच. लॅबच्या डॉक्टरांची सही घेतली आणि रिपोर्ट घेऊन ती स्वतः त्याच्यासोबत तुमच्याकडं आली.

तुम्ही वाचलंत. म्हणालात, "बरं, उद्यापासून ये."

"चुकलं म्हणायचं राहिलं, साहेब," वैजयंती म्हणाली.

तुम्ही दुसरी फाइल उघडलीत. सिद्धलिंग खाली बघत उभा.

फाटकाबाहेर येताच मात्र त्याचं तोंड उजळलं. "भावाला कळवतो. सोलापूर सुटत न्हाय म्हनून."

"का सुटत नाही, ते काय सांगणार?"

"भाकऱ्या..." तो म्हणाला.

"सिद्धलिंग, आत तुम्ही गप्प बसलात, म्हणून तुमच्या वाटचं मी बोलले. आता माझं बोलते. मला तुम्ही आवडता. उद्या काही काम नसताना लॅबमध्ये यायचं. परवाही. रविवारी मोहोळला, आमच्या घरी, माझ्या वडलांसमोर. गप्प राहणं हे उत्तर मी मोजत नाही. येणार की नाही... बोला."