आन अक्षराची शेवटची रेघ

रोज सकाळी हातपाय धुऊन, उदबत्ती लावून मी बुद्धाच्या सूत्राचं एक पान उतरवते. पान पुरं होईपर्यंत पाण्याचा घोटही घेत नाही. त्या वर्षी हे व्रत ह्यांच्यासाठी होतं. हे, म्हणजे लिन पोआन, मिनच्या राजाचे शिपाई. नदीच्या वरच्या अंगाला राजधानीच्या तटावर ह्यांचा पहारा. सुखरूप यावेत, एवढंच मागणं.

मिनचं राज्य सासूबाईंच्या लग्नाच्या सुमारास उभं राहिलं. त्या घराण्यानं बंदर भरभराटीला आणलं, विहार बांधले. मग भाऊ भावावर उठला, आणि आता परक्या फौजेचा वेढा पडला होता.

आमच्यात राजाचं नाव पुरतं लिहीत नाहीत. त्यातलं अक्षर सूत्रात आलं तरी शेवटची रेघ सोडायची. घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावालाही तोच नियम.

आठव्या महिन्यात एका सकाळी विहारातल्या थोरल्या भिक्षुणी, मियाओलिआन माई, माझी पानं चाळता चाळता थांबल्या.

"राजाचं अक्षर पुरं लिहिलंस? मान जड झालीय का गं?"

"मी नाही लिहिलं, माई."

दोनशे पानं उलटली. प्रत्येक पानावर मी सोडलेली रेघ भरलेली. वळण माझ्याच हाताचं, शाई कोरडी, जुनी. दमट हवेनं शाई फुटते, रेघ ओढत नाही.

तीन दिवसांनी नावाडी आला. माईंनी पानं चाळली त्याच सकाळी राजधानी पडली होती. राजाला धरून नेलं होतं.

"आणि तटावरचे?" मी विचारलं.

तो दोर गुंडाळत राहिला.

चौथ्या दिवशी पेजेच्या वेळी हे दारात उभे. बाहेर पाऊस, पायातल्या चपला मात्र कोरड्या.

"अगं, भात आहे का? की तुझ्या व्रतात मलाही उपाशी ठेवणार?"

मी हसले. किती दिवसांनी हसले.

दिवा लावायला विहारात गेले. दिव्यापुढे ठेवायच्या पाटीवर ह्यांचं नाव लिहिलं. 'आन' म्हणजे सुखरूप. त्याची शेवटची रेघ आडवी, सोपी. ओढली. बघता बघता उडाली.

पुन्हा ओढली.

माईंनी पाटी उजेडाकडे धरली. मग हळूच म्हणाल्या, "कुठल्या रांगेत ठेवू, बाई? असलेल्यांच्या, की गेलेल्यांच्या?"

"असलेल्यांच्या," मी म्हटलं, आणि पाटी घरी घेऊन आले.

आता माझं व्रत लहान आहे. उजाडलं की आधी ती रेघ, मग पाणी. सुखात आहोत. हे मुळे चिरतात, माझ्या अळणी जेवणाची थट्टा करतात.

एकदाच ताप आला आणि उठायला उन्हं आली. शेजारचं अंथरूण घडी घातलेलं, थंडगार. खुंटीवर ह्यांचा अंगरखा नव्हता.

मी पाटी ओढून घेतली. रेघ ओढली.

"अगं," स्वयंपाकघरातून आवाज आला, "आज उशीर केलास."