आधी तुम्ही

नेब्रास्कातला तो चौक पोळपाटासारखा सपाट. मका कापला की चारही बाजूंना पार क्षितिजापर्यंत नजर जायची. तरी गाड्या धडकायच्या तिथेच, आणि त्याही मका कापल्यावर! रस्ते खात्यातल्या लोर्ना ह्रुस्काला हे कोडं स्वस्थ बसू देईना. तिची लेक जोलीन नुकतीच गाडी शिकली होती आणि रोज त्याच चौकातून शाळेला जायची.

शेवटच्या अपघातातून वाचलेला म्हातारा एमिल हात गळ्यात बांधून ओसरीत बसला होता.

"बाजूने येणारी गाडी दिसली नाही का, काका?"

"बघितलंच नाही गं, पोरी. मी 'थांबा'च्या पाटीपाशी उभा होतो, आडव्या रस्त्याला पाटीच नाही. समोर जुना हिरवा ट्रक. त्याने स्टिअरिंगवरून एक बोट उचललं... आधी तुम्ही, म्हणून." एमिल ओशाळला. "माणूस वाट देतोय म्हटल्यावर खोळंबायचं कशाला? निघालो."

इकडची रीतच ती. बोट उचललं की निघायचं, नाहीतर लोक शिष्ट म्हणतात. पण असा ट्रक पोलिसांना कधी सापडला नव्हता. लोर्नाने आधीच्या अपघातांतल्या दोघांना गाठलं. त्यांनाही बोट दिसलं होतं. तिच्या अंगावर काटा आला, पण कुतूहल काही कमी होईना.

भुताला कुठली पाटी लावणार? तिने चारही रस्त्यांवर थांबण्याच्या पाट्या ठोकल्या, डांबरात खडखडणाऱ्या खाचा पाडल्या. जोलीनला बजावलं, "कुणीही बोट उचलो, तू हलायचं नाहीस." नवऱ्याला, लेसला, मात्र काही सांगितलं नाही. तो खो खो हसला असता.

हिवाळा सुखरूप गेला. मग एका धुकट दुपारी जोलीन घरी आली.

"आई, चौकात एक आजोबा भेटले. हिरवा ट्रक होता."

लोर्नाच्या हातातली बशी तशीच राहिली. "तू... निघालीस?"

"छे! मीच बोट उचललं. आधी तुम्ही."

लोर्नाने तिला घट्ट कवटाळलं. पोर वाचली होती, तिला आणखी काही नको होतं.

"इतके खूश झाले गं! आजवर त्यांना कुणी असं म्हटलंच नसेल. मग आपल्या घरापर्यंत माझ्या पुढेच होते. आत्ता आपल्या वाटेच्या तोंडाशी थांबलेत."

त्या तोंडाशी पाटी नव्हती. तिथे कधी काही झालंच नव्हतं.

"तुझे बाबा कुठे आहेत?" लोर्नाने विचारलं.

"आत्ताच निघाले की गावात."

लोर्ना दाराकडे धावली. धुक्यात, वाट हमरस्त्याला मिळते तिथे, लेसच्या गाडीचे ब्रेकचे लाल दिवे दिसत होते. पलीकडे काहीतरी हिरवं उभं होतं. डावीकडून मालट्रकची घरघर जवळ येत होती.

"लेस!"

लाल दिवे विझले.